थोरल्यांचं गणित

१

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. आईने माझा हात आपल्या दोन्ही हातांत धरून तसं कबूल करून घेतलं होतं, आणि आई एरवी शपथा-बिपथा घालणाऱ्यांतली नाही. तरी मी लिहिते आहे. बोलायचं म्हटलं तर माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. वर्गात हजेरीला नुसतं 'हजर' म्हणायचं असतं, तिथेसुद्धा शेजारणीला मला कोपर मारावं लागतं. लिहिताना तसं होत नाही.

शिवाय आई मला हल्ली हाक मारत नाही.

पूर्वी ती स्वयंपाकघरातून, जिन्यातून, कधी रस्त्याच्या पलीकडून हाक मारायची, "मुंगे!" मी पायांचा आवाज न करता घरभर फिरते म्हणून मी मुंगी. रस्त्यावर लाज वाटायची, मी मान खाली घालून ऐकलं नाही असं दाखवायचे. आता तिला काही हवं असेल तर ती उठून माझ्यापर्यंत येते. हाताला साबण लागलेला असला तरी येते. माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवते आणि मी वर बघेपर्यंत थांबते.

असं का, ते आम्हा दोघींना माहीत आहे. ती हाक कधीच येऊ नये, एवढंच मला हवं आहे. कारण ती आली, तर त्या वेळी आई कुठे असेल ते मला माहीत आहे.

२

आई सरकारी अंतराळ संस्थेच्या सुपरकॉम्प्युटरवर कामाला आहे. असं सांगितलं की लोकांना वाटतं ती यानं उडवते. ती फोन उचलते. शास्त्रज्ञ आपापली गणितं मशीनवर लावतात, गणितं रांगेत उभी राहतात, रांगेत कुणाचं तरी अडकतं, की आईला फोन. आई ते सोडवून देते.

"परग्रहावर यान उतरवणारी माणसं," ती म्हणते, "आणि पासवर्ड काय, तर मुलीचं नाव. तेही विसरतात!"

बाबा परगावी नोकरीला असतात, त्यामुळे शाळा सुटली की मी आईकडे जाते. फाटकावरचा पहारेकरी माझा पास न बघताच आत सोडतो. हेल्पडेस्कची खोली लहान आहे, तिची एक भिंत पूर्ण काचेची, आणि काचेपलीकडे हॉल. हॉलमध्ये कपाटांसारखे उंच काळे रॅक ओळीने उभे आहेत. त्यांच्या जाळीच्या दारांमागे बारीक हिरवे दिवे लुकलुकत असतात. खालची जमीन पोकळ आहे. भोकं पाडलेल्या फरश्यांतून गार वारा वर येतो, नाहीतर मशीन तापून बंद पडेल.

तो वारा ज्यांच्या ताब्यात आहे ते थंडीकाका. हे नाव मी ठेवलं. ते बारा महिने स्वेटरमध्ये असतात. प्रत्येक फरशीला त्यांनी लाल कापडाची एकेक फीत बांधली आहे. फीत सरळ वर फडफडली की वारा ठीक. "हा हॉल म्हणजे माझी सासू आहे," ते म्हणतात. "जरा गरम झाली की मलाच ऐकवते."

आणि आवाज. हॉलची घरघर कधीच थांबत नाही. वीज गेली तरी नाही, कारण तळघरात जनरेटर आहेत. आत जायचं तर कानांवर जाड टोपणं लावावी लागतात. काचेच्या अलीकडे ती घरघर ऐकू येण्यापेक्षा जाणवते जास्त. टेबलावर पेन्सिल ठेवली की ती अगदी बारीक थरथरते. मी त्या टेबलावर इतके दिवस अभ्यास केला आहे की घरी पेन्सिल स्थिर दिसली की मलाच चुकल्यासारखं होतं.

आता थोरल्यांबद्दल. थोरले म्हणजे संस्थेचं एक जुनं यान. माझ्या जन्माच्या कितीतरी आधी ते सगळे ग्रह ओलांडून पलीकडे गेलं आणि मग गप्प झालं. त्याला आता कुणी ऐकत नाही. पण त्याची वाट अगदी साधी आहे. तिथे त्याला वळवायला, थांबवायला काही नाही, त्यामुळे ते आज कुठे असेल हे अचूक काढता येतं. म्हणून मशीनची दुरुस्ती झाली की प्रत्येक रॅकला तेच गणित घालायचं, अशी आईच्या खात्याची जुनी रीत आहे. थोरले कुठे आहेत? सगळ्या रॅकचं उत्तर शेवटच्या आकड्यापर्यंत एकच यायला हवं. आलं, की मशीन ठणठणीत.

उत्तर आलं की आई म्हणायची, "थोरले सुखरूप."

आणि थंडीकाका म्हणायचे, "असोत बापडे."

३

त्या दिवशीही दुरुस्ती संपली होती. नवं यान आठवड्याभरात परग्रहावर उतरणार होतं, त्याचं उतरण्याचं गणित याच मशीनवर व्हायचं होतं, आणि मशीन ठीक आहे असं आईने सही करून द्यायचं होतं. मी भूगोलाचा नकाशा रंगवत होते.

"थोरले सुखरूप." "असोत बापडे." "थोरले सुखरूप." "असोत बापडे."

मग आई थांबली.

"का हो," काका म्हणाले, "थोरले धडपडले की काय?"

"कोपऱ्यातल्या रॅकचं चुकलंय."

"मेमरी गेली असेल एखादी."

"मेमरी गेली की शेवटचे आकडे हलतात. हा पहिलाच आकडा वेगळा आहे." आईने चष्मा वर केला. "हा म्हणतोय थोरले जवळ आहेत."

मेमरी बदलली. परत गणित घातलं. उत्तर पुन्हा चुकलं, आणि मघाच्यापेक्षा थोडं आणखी जवळचं आलं. दुसऱ्या दिवशी आतले सगळे भाग काढून पहिल्या ओळीतल्या रॅकमध्ये बसवले आणि तिथले कोपऱ्यात. पहिल्या ओळीत थोरले सुखरूप. कोपऱ्यात पुन्हा जवळ. म्हणजे चूक भागांत नव्हती. चूक त्या जागेत होती.

मी स्वतःला समजावलं की जागेतही चूक असू शकते. वायर खराब असेल, फरशी हलत असेल, वारा कमी येत असेल. मला अशी कारणं शोधायला आवडतं. आईने सगळी उत्तरं पडद्यावर बिंदू म्हणून मांडली तेव्हा मात्र मला एकही कारण सुचलं नाही. खरी वाट सरळ बाहेर गेली होती. कोपऱ्यातल्या रॅकची वाट बरीच पुढे जाऊन मोठ्या, संथ वळणाने फिरली होती. शेवटच्या थांब्यावर बस वळते तशी.

आईने कक्षा विभागाच्या बाईंना फोन लावला. नवं यान त्यांचं. त्या फार भरभर बोलतात, मला खुर्चीतून ऐकू येत होतं.

"अगं, माझं यान दारात आलंय आणि तुझा कोपरा गोष्टी कसल्या सांगत बसलाय?"

"वळलेत असं म्हणतोय तो."

"वळायला तिथे आहे काय? तिथे काही नाहीये!"

"मीही तेच म्हणतेय," आई म्हणाली. "तिथे काही नाहीये."

आईने पडद्यावरच्या त्या वळणाकडे पुन्हा एकदा बघितलं. मग आई हळू आवाजात म्हणाली, "मोठा अँटेना आज चाचणीसाठी मोकळा आहे ना? पाच मिनिटं तिकडे वळवा. काही नाही ऐकू आलं की मी तो रॅक बाद करते आणि सही करते. माझ्याही जिवाला शांतता."

"तू म्हणजे ना..." बाई म्हणाल्या. पण नाही म्हणाल्या नाहीत.

४

त्या संध्याकाळी आई मला हॉलमध्ये घेऊन गेली. तिला विजेरी धरायला कुणीतरी हवं होतं, आणि काका तळघरात होते. आईच्या उजव्या बुटाचा तळ पुढून सुटलेला होता, चालताना तो फट्‌ फट्‌ वाजायचा. मी रोज म्हणायचे शिवून घे, ती रोज म्हणायची उद्या. टोपणं लावल्यावर तोही ऐकू येईना.

लाल फिती दोन्ही बाजूंना ताठ उभ्या फडफडत होत्या. त्यांच्या मधून चालणं मला आवडतं. कोपरा जवळ आला तसं मला दिसलं की तिथल्या फिती उभ्या नाहीत. त्या सगळ्या रॅकच्या दाराकडे आडव्या ताणल्या गेल्या होत्या, आणि फडफडत नव्हत्या. कुणीतरी पलीकडून टोक धरून ठेवावं, तशा.

आई रॅकच्या बाजूला गुडघ्यांवर बसून खालच्या वायरी तपासत होती. मी समोर विजेरी धरून उभी होते. मला काय वाटलं कुणास ठाऊक, मी एका कानावरचं टोपण थोडं बाजूला केलं.

घरघर माझ्या पाठीमागे होती, डावीकडे होती, डोक्यावर होती. समोरून मात्र काहीच येत नव्हतं. भिंतीसमोर उभं राहिलं की शांतता कशी असते, ती मला माहीत आहे, ती जवळची असते. ही लांबची होती. रिकाम्या मैदानाच्या कडेला उभं राहावं आणि पलीकडचा काठ दिसू नये, तशी.

विजेरीचा झोत जाळीतून आत गेला. हातभर आत मागची जाळी आणि तिच्यामागे भिंत असायला हवी होती. मला हिरवे दिवे दिसले. त्यांच्यामागे आणखी बारीक, त्यांच्यामागे आणखी. दिवे लुकलुकत नव्हते. त्यांना मी तारे म्हणणार नाही, कारण ते ओळीत होते.

भीती वाटायला हवी होती. पण मला रडू आलं, आणि ते भीतीचं नव्हतं. इतकं मोठं काही मी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आमच्या हॉलच्या कोपऱ्यात, पोछा मारायच्या बादलीशेजारी होतं.

आईने माझ्या दंडाला धरून मला मागे घेतलं. तिने आत पाहिलं होतं का, हे मी विचारलं नाही. तिचा चेहरा मात्र बघितला. तिने पाहिलं होतं.

५

दुसऱ्या दिवशी दुपारी कक्षा विभागाच्या बाई स्वतः आल्या. फोनवरच्या आवाजावरून मला त्या उंच वाटल्या होत्या, प्रत्यक्षात त्या माझ्याएवढ्याच निघाल्या. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि खोलीचं दार लोटलं. आत आई, काका आणि मी. खरं तर मला बाहेर पाठवायला हवं होतं, पण मी खोलीत आहे हे कुणाच्या लक्षात राहत नाही.

"अजून कुणाला सांगितलं नाहीये," बाई म्हणाल्या. आज त्या भरभर बोलत नव्हत्या. "तिकडून आलंय. त्याचा आवाज करून आणलाय. आधी ऐका, मग मला वेड्यात काढा."

आधी नुसती खरखर. तिच्याखाली एक जाड, सलग घरघर.

काकांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने म्हणाले, "हा माझा हॉल आहे."

"तेच मला आधी वाटलं," बाई म्हणाल्या. "पण अँटेना इथून केवढा लांब, डोंगरावर आहे. इथला आवाज तिथे शिरणार कसा?"

"ते मला कळत नाही. तुमच्या पोराचा खोकला तुम्ही ओळखता ना? तसंय हे. तो ऐका, मधल्या पंपाचा ठोका. हा माझा हॉल आहे."

मग लॅपटॉपमधली घरघर उतरू लागली. आधी पंप थांबले. मग पंखे, एकामागून एक, लांबून जवळ. काका ताडकन उठले आणि काचेला हात लावून बघत राहिले. आमचा हॉल चालू होता. फिती फडफडत होत्या.

लॅपटॉपमध्ये शांतता झाली. ती मी ओळखली. ती लांबची होती.

त्या शांततेत पावलं आली. फट्‌. फट्‌. फट्‌. आम्ही चौघांनी आईच्या बुटाकडे बघितलं.

मग आईचा आवाज, अगदी जवळून:

"मुंगे, ये. घाबरू नकोस. दिवा राहू दे."

आणि संपलं.

आईने तोंडावर हात ठेवला होता. ती हे कधीही बोललेली नव्हती. हॉलमध्ये तर कुणी बोलतच नाही, बोललेलं ऐकू जात नाही. आणि दिवा कुठला? त्या खोलीत टेबलावर दिवाच नव्हता, छताला ट्यूबलाइट होत्या.

"इकडचंच काहीतरी," काका चाचरत म्हणाले, "तिकडे आपटून परत..."

"जायला जवळपास एक दिवस लागतो. यायला तेवढाच," बाई म्हणाल्या. "आणि तुमचा हॉल बंद कधी पडला होता?"

काकांनी मान हलवली. कधीच नाही.

मला सगळ्यांत जास्त आठवतो तो त्या हाकेतला सूर. त्यात भीती नव्हती. मी लहान असताना आईने मला झोपेतून उठवून, पांघरुणासकट उचलून गच्चीवर ग्रहण दाखवायला नेलं होतं. तोच सूर होता.

६

कोपऱ्यातला रॅक बंद केला. मग तो तिथून काढून गाडीवर घालून नेला. उरलेल्या मशीनसाठी आईने सही करून दिली, बाईंचं यान ठरल्या जागी अलगद उतरलं, त्या फोनवर रडल्या आणि मग स्वतःच्या रडण्यावर हसल्या. तो आवाज पुसून टाकला, असं त्या म्हणाल्या. अँटेना पुन्हा तिकडे वळवायचं कुणीच नाव काढलं नाही.

आईने ते बूट फेकून दिले. शिवले नाहीत, फेकले. नवे घेतले, रबरी तळाचे. तिची पावलं आता माझ्यासारखीच वाजत नाहीत.

तो आवाज ऐकला त्याच रात्री घरी तिने माझा हात धरला.

"कुणाला सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"आणि मी तुला कधी तशी हाक मारली, तर यायचं नाही."

"तूच असलीस तरी?"

"मी असले तरी."

"तुला काही झालं असेल तर?"

तिने माझा हात आणखी घट्ट धरला. मग म्हणाली, "मुंगे, मला तिथे जावंसं वाटलं होतं गं. म्हणून सांगतेय."

मी म्हटलं नाही, की मलाही.

रॅकच्या जागी आता चार रिकाम्या फरश्या आहेत आणि मागे पांढरी भिंत. काकांनी तिथल्या फिती कापून नव्या बांधल्या. सकाळी त्या उभ्या असतात. दुपारनंतर मी शाळेतून येते तेव्हा भिंतीकडे झुकलेल्या असतात. काका म्हणतात, वाऱ्याचा झोत तसा आहे. ते म्हणताना माझ्याकडे बघत नाहीत.

७

आता मी हेल्पडेस्कवरच बसले आहे. संध्याकाळ आहे. काका सुट्टीवर आहेत. आई आत्ता इथे होती, पडद्यावर तापमानाचा इशारा आला म्हणून टोपणं घेऊन हॉलमध्ये गेली. जाताना माझ्या खांद्यावर दोन बोटं टेकवली. ओठांनी नुसतं 'आलेच' म्हणाली. काचेतून ती मला दुसऱ्या ओळीपर्यंत दिसली, मग रॅकच्या आड गेली.

सकाळी वीजवाले आले होते. छताच्या ट्यूबलाइट त्यांनी बदलायला काढून नेल्या आहेत, आणि तोवर काम चालावं म्हणून टेबलावर एक दिवा ठेवून गेले आहेत. हिरव्या टोपीचा, मान वाकवता येणारा. उजेड छान पडतो. मी मघापासून त्याच्याच

हे मला आत्ता लिहिताना लक्षात आलं.

नुसता दिवा आहे. दुकानात असे शेकडो मिळतात. हॉल चालू आहे, पेन्सिल थरथरते आहे, म्हणजे सगळं ठीक आहे. आई आली की मी तिला दिवा दाखवीन आणि आम्ही तो उचलून बाहेर ठेवू.

मधल्या पंपाचा ठोका थांबला.

पंखे थांबत आहेत. लांबून जवळ. हे मी ऐकलेलं आहे. पेन्सिल टेबलावर स्वस्थ पडली आहे. काचेपलीकडच्या सगळ्या फिती, हॉलभरच्या, एकदम आडव्या झाल्या आहेत, एकाच दिशेला, आणि त्या फडफडत नाहीत. इतक्या लाल फिती एका रेषेत मी कधी बघितल्या नव्हत्या. फार सुंदर दिसत आहेत.

फट्‌. फट्‌.

ते बूट आईने फेकले आहेत. आज तिच्या पायांत नवे आहेत. मी स्वतः बघितले आहेत.

"मुंगे, ये."

आवाज आईचा आहे. मी जाणार नाही, मी कबूल केलं आहे. पण माझी आई पण आतच आहे, आणि ती अजून रॅकच्या आडून बाहेर आलेली नाही. तिनेही हे ऐकलं असेल. तिला जावंसं वाटतं, हे तिने मला सांगितलं आहे, आणि तिला धरून मागे आणायला माझ्याशिवाय तिथे कुणी

"घाबरू नकोस. दिवा राहू दे."

मी घाबरलेली नाही. मी फक्त काचेच्या दारापर्यंत जाते आणि आईला हाक मारते. मी आजवर कुणाला मोठ्याने हाक मारलेली नाही, पण मारीन. कोपऱ्यातली भिंत इथून दिसायला हवी, ती दिसत नाही, तिच्या जागी ओळीच ओळी आहेत, पार आतपर्यंत, आणि सगळ्यांत पुढे जे उभं आहे त्याने माझ्याकडे वळून